पहिल्या थेंबाला गुलाबी

२ सप्टेंबर

ही वही धाकटीने दिली. म्हणाली, "दादा, तू हल्ली मोठ्याने विचार करतोस. मला वाटतं माझ्याशीच बोलतोयस, आणि मी उत्तर दिलं की दचकतोस. त्यापेक्षा लिहीत जा." म्हणून बसलोय. वेळ सकाळची निवडली आहे, चहाच्या पहिल्या कपाबरोबरची. या वेळी मी अर्धा झोपेतच असतो, त्यामुळे खोटं लिहायचा उत्साह नसतो.

काल धाकटीचा स्प्लिंट पुन्हा तडकला. तिचा डावा पाय लहानपणीच्या तापात गेला. गुडघ्याखाली हा टणक प्लास्टिकचा आधार बांधल्याशिवाय तिला उभं राहता येत नाही. शाळेत उभी राहून मुलांना गाणं शिकवत असताना घोट्याच्या वाकणाशी कट्‌कन आवाज झाला. मुलांना वाटलं बाईंनी चुटकी वाजवली, आणि सगळी एका सुरात गायला लागली. हे सांगताना ती हसत होती. मला हसू आलं नाही, कारण त्या प्लास्टिकची शीट आमच्या कारखान्यात बनते आणि तिची कृती माझी आहे.

५ सप्टेंबर

तिला घेऊन साचेवाल्यांकडे गेलो होतो. धाकटीच्या पायाचा प्लास्टरचा साचा त्यांच्याकडे असतो. त्यावर आमची शीट गरम करून बसवली की स्प्लिंट होतो. पन्नाशीचा, एकटा, कमी बोलणारा माणूस. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. तडकलेल्या जागी त्यांनी तात्पुरती पितळी पट्टी ठोकली, आणि ती टोचू नये म्हणून आतून मऊ चामडं लावून दिलं. एवढंसं चामडं लावायला त्यांना फार वेळ लागला. तोवर धाकटी बाकावर बसून त्यांना शाळेतल्या गमती सांगत होती आणि मी आपला दारातून रस्ता बघत होतो.

त्यांच्या दुकानात फळ्यांवर कितीतरी पांढरे पाय ओळीने उभे आहेत. लोक इथे पाय काढून ठेवून कुठेतरी पोहायला गेलेत असं वाटतं. धाकटीचा पाय मात्र फळीवर नाही, खिडकीत आहे, चांगला उजेडात. सारखा लागतो म्हणून हाताशी ठेवत असतील.

८ सप्टेंबर

दुपारभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलो. पॉलिएस्टर टणक असतं, साच्यावर छान बसतं, पण रोज वाकवलं की एक दिवस मोडतं. रबर हवं तितकं वाकतं, पण कुणाचा भार घेत नाही. दोन्ही एकत्र मळले तर दोघांचे गुण उतरावेत, इतकी साधी अपेक्षा. पण यांचं मुळात जमत नाही. मिक्सरमध्ये आपण जबरदस्तीने एकत्र करतो आणि थंड होताना ती आपापल्या वाटेने जातात. भिंगाखाली रबराचे मोठाले थेंब दिसतात, गार सूपवरच्या तेलासारखे, आणि प्रत्येक थेंबाभोवती एक बारीक काळी फट. पट्टी वाकवली की त्या फटी उघडतात, वाकणावर पांढरी रेघ उमटते आणि पुढे कधीतरी तड जाते.

पाहता पाहता डोळा लागला असावा. ते थेंब म्हणजे संध्याकाळचे दूरवरचे दिवे आहेत, आणि मी कुठल्याशा गाडीच्या खिडकीशी बसून त्यांच्यासमोरून चाललोय. कुठे उतरायचंय ते मला माहीत नव्हतं आणि त्याची काळजीही नव्हती. मशीनवाल्या ताईंनी टेबलावर टकटक केली. "साहेब, भिंगाला नाक टेकलंय तुमचं."

ताई आमचा मिक्सर चालवतात. वयाने माझ्याहून लहान, पण सगळा कारखाना त्यांना ताई म्हणतो, म्हणून मीही. त्या मला समोर साहेब म्हणतात आणि पाठीमागे नाकराव. पाठीमागे म्हणजे मला ऐकू येईल इतक्याच मागे.

११ सप्टेंबर

रबराला कलम करायचं ठरवलंय. बागेत एका झाडाच्या फांदीवर दुसऱ्याचा डोळा बांधतात, तसा रबराच्या साखळीवर आम्लासारखा एक छोटा तुकडा बसवायचा. तो तुकडा पॉलिएस्टरचं टोक पकडून ठेवतो. म्हणजे रबर रबरच राहील, पण शेजाऱ्याचा हात धरून राहील. या पदार्थाच्या पांढऱ्या गोळ्या येतात, नाव मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड. ताईंनी डबा उघडला, लगेच बंद केला आणि त्याचं नाव झोंबरं ठेवलं.

गोम अशी की सगळं झोंबरं रबरावर बसत नाही. थोडं मोकळं राहतं, ते निर्वात भट्टीत ओढून काढावं लागतं. तसंच राहिलं तर कातडी पोळते. राहिलंय की गेलंय हे बघायची रीतसर पद्धत आहे. तुकडा एक दिवस कोमट पाण्यात भिजत ठेवायचा, मग त्या पाण्यात रंगदर्शक घालून काचेच्या नळीतून अल्कली सोडायची. पहिल्याच थेंबाला पाणी गुलाबी झालं की समजायचं, आम्ल उरलेलं नाही. थेंबावर थेंब जाऊनही रंग येत नसेल तर उरलंय.

यात एक दिवस जातो, आणि माझ्या नाकाला एक श्वास लागतो. कोमट तुकडा कात्रीने कापायचा, ताज्या कापावर नाक न्यायचं, झालं. आमच्या खात्यात वर्षानुवर्षं हेच चालत आलंय. नाकराव हो म्हणाले की ती काचेची नळी कुणी कपाटातून काढतही नाही. कुठलंही मोकळं राहिलेलं द्रव्य आजवर माझ्या नाकाखालून निसटलेलं नाही. मला याचा अभिमान आहे, आणि इथे लिहायला कुणाची चोरी नाही.

१६ सप्टेंबर

छोटा घाणा काढला. पहिल्या खेपेला तुकडा कापला आणि वास थेट टाळूला भिडला, आंबट आणि जळका, जीभ कडू करणारा. पुन्हा भट्टीत. दुसऱ्या खेपेला तो दाराआड लपलेल्या मुलासारखा होता, नाही म्हणता म्हणता सापडला. तिसऱ्या खेपेला नुसतं उकडलेलं रबर. मी मान डोलावली आणि ताईंनी भट्टी बंद केली.

मग ते रबर पॉलिएस्टरमध्ये मळलं. भिंगाखाली मोठे थेंब नाहीतच. बारीक बारीक कण, पिठासारखे पसरलेले, आणि कडेची काळी फट कुठेच नाही. पट्टी वाकवली, सोडली, पुन्हा वाकवली. पांढरी रेघ उमटली नाही. ताईंनी ती माझ्या हातातून घेतली आणि बराच वेळ वाकवत राहिल्या. म्हणाल्या, "मोडायचं नाव घेत नाही हो, साहेब." इतका आनंद मला गेल्या कित्येक वर्षांत झालेला नाही.

आता मोठा घाणा, त्याची शीट, शीटचा स्प्लिंट, आणि तो धाकटीच्या पायात. तिला शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात मुलांसमोर उभं राहायचंय. दरवर्षी ती खुर्चीत बसून हात हलवते. यंदा खुर्ची नको म्हणते.

२१ सप्टेंबर

सर्दी. डोकं भोपळ्याएवढं झालंय. लिहवत नाही.

२६ सप्टेंबर

ताप उतरला. गेले काही दिवस म्हणजे एकच लांबलचक दुपार होती. पलंग वितळतोय आणि मी गरम शीटसारखा कुणाच्या तरी आकारावर हळूहळू ओघळतोय असं वाटायचं. तो आकार कुणाचा ते कळत नव्हतं, पण ओळखीचा होता. मध्येच डोळा उघडला की धाकटी दिसायची, पितळी पट्टीची टकटक करत येणारी. तिने लसूण घालून सूप केलं होतं. अगदीच पाणचट होतं, पण बोललो नाही. बिचारी एका पायावर सगळं करत होती.

२८ सप्टेंबर

कामावर गेलो. प्रयोगशाळा कुणीतरी धुऊन पुसून ठेवल्यासारखी वाटली. तोच मिक्सर, तीच भट्टी, तेच गंधकाचे डबे, पण सगळं कसं हलकं आणि शांत. ताईंना म्हटलं, "पंखे साफ केलेत वाटतं." त्या म्हणाल्या, "नाही हो. का?" मी म्हटलं, छान वाटतंय. आजारातून उठलं की जग नवं दिसतं म्हणतात, ते खरं असावं.

३० सप्टेंबर

मोठा घाणा आज निघाला, आणि पहिल्याच खेपेला स्वच्छ.

मला स्वतःला खरं वाटेना. दोनदा तुकडा कापला, दोनदा नाक नेलं. काही नाही, उकडलेल्या रबराचाही वास नाही. भट्टीतली हवा ओढणाऱ्या पंपात नवं तेल घातलंय, त्याचा परिणाम असणार. नाकात थोडी चुरचुर होती, पण सर्दी अजून पुरती गेलेली नाही. आणि डोळे भरून आले. तुकड्यावर वाकलेलो असताना चक्क घळाघळा पाणी आलं. इतकी वर्षं या एका गोष्टीसाठी घालवली आणि ती अशी सहज हाताशी यावी. ताईंच्या समोर रडायची लाज वाटली, म्हणून चष्मा पुसायचं निमित्त केलं.

ताईही खोकत होत्या. "साहेब, नक्की ना?" त्यांनी विचारलं.

"नाकरावांवर शंका?" मी म्हटलं.

"तसं नाही. मला आपलं उगाच वाटलं काहीतरी." आणि त्यांनी भट्टी बंद केली.

३ ऑक्टोबर

साचेवाल्यांच्या दुकानात शीट घेऊन गेलो. त्यांनी धाकटीचा पाय खिडकीतून असा उचलला, जसं कुणी झोपलेलं मूल उचलावं. साच्यावर विणलेला मोजा होता. प्लास्टरला थंडी वाजते की काय, असं मी विचारणार होतो, पण त्यांचा चेहरा पाहून गप्प बसलो. शीट भट्टीतून निघाली ती कढईतून काढल्यासारखी लवलवत. त्यांनी ती साच्यावर टाकली आणि दोन्ही तळव्यांनी घोट्यापाशी, टाचेपाशी, पोटरीवरून दाबत गेले. कुठे किती दाबायचं हे त्यांना बघावं लागत नव्हतं.

मध्येच त्यांनी दार उघडलं, खिडकी उघडली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्याही. दोन मोठी माणसं एका प्लास्टरच्या पायावर वाकून रडताहेत, बाहेरून कुणी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं. इतका हळवा माणूस मी पाहिलेला नाही.

"याला हे असंच..." ते म्हणाले आणि थांबले. "तुम्ही तपासलंय ना, दादा?"

मी म्हटलं, स्वतः तपासलंय. ते पुन्हा टाचेपाशी दाबायला लागले. ते मला दादा का म्हणाले कोण जाणे. धाकटीच्या तोंडून ऐकून सवय लागली असेल.

५ ऑक्टोबर

सकाळी दूध उतू जाऊन जळलं. मी तिथेच टेबलाशी हे लिहीत बसलो होतो. धाकटी आतून आली, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "दादा, तू कुठल्या देशात असतोस?" मी म्हटलं, इथेच आहे. भांडं काळं ठिक्कर पडलं होतं.

नंतर ती बाहेर जायला तयार झाली आणि माझ्या खुर्चीमागे घुटमळत राहिली. एकदा कपाटापाशी गेली, परत आली. "काही वेगळं वाटतंय का तुला?" मी नीट पाहिलं. स्कार्फ निळा होता. म्हटलं, नवा स्कार्फ का? ती म्हणाली, "जुनाच आहे." मग थोडं थांबून, "तुला काही म्हणायचं असेल तर म्हण." मी म्हटलं, कशाबद्दल? ती म्हणाली, काही नाही, आणि गेली.

चहाही बदललाय. नव्या पुड्यात काही दम नाही.

८ ऑक्टोबर

धाकटी नव्या स्प्लिंटवर चालली. अंगणातून फाटकापर्यंत, फाटकातून रस्त्यावर. आवाज नाही, पितळी टकटक नाही, घोटा सहज वाकत होता आणि सरळ होत होता. साचेवाले तिच्या शेजारून चालत होते, एक हात जरासा पुढे, आधार द्यावा लागलाच तर म्हणून. दोघं नदीकाठाने पार पुलापर्यंत गेले. स्प्लिंट कसा बसतोय हे पाहायला त्यांना एवढं लांब जावं लागलं. काम चोख करणारा माणूस.

परत आल्यावर ती म्हणाली, "पायाला जरा गरम गरम वाटतंय." मी म्हटलं, नवं आहे, सवय होईल. तिने मान हलवली.

१२ ऑक्टोबर

आजकाल विलक्षण स्वप्नं पडतात. दिवसा जग असं स्वच्छ आणि मुकं, आणि स्वप्नात वासच वास. काल आईचं कपाट उघडलं होतं. आतून कापूर, साबणाची वडी, लोकरीची ओल, सगळं एकदम अंगावर आलं, इतकं की जाग आली तरी मी उशीत नाक खुपसून ते शोधत होतो. परवा पेन्सिलीला टोक काढत होतो. लाकडाचा तो वास मला चाळीस वर्षांत आठवला नव्हता. म्हातारपणी स्वप्नं गडद होतात की काय, हे कुणाला तरी विचारायला हवं.

धाकटी हल्ली गुणगुणत नाही. फिरायलाही जात नाही. दोन दोन मोजे घालून शाळेत जाते आणि आली की खोलीचं दार लावते. साचेवालेही फिरकले नाहीत. नव्या स्प्लिंटला दुरुस्ती लागत नाही, मग ते कशाला येतील? तिला म्हटलं, बिचाऱ्यांचं एक गिऱ्हाईक गेलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढची थट्टा गिळली.

कार्यक्रम जवळ आलाय, त्याचं दडपण असेल.

१७ ऑक्टोबर

आजचं जसं घडलं तसं लिहितो.

सकाळी तिच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. चहा द्यायला गेलो. ती पलंगाच्या कडेला बसून पाय थंड पाण्याच्या टबात सोडून होती. घोट्याभोवती, पोटरीवर, जिथे जिथे स्प्लिंट लागतो तिथे तिथे कातडी लालभडक, आणि टाचेजवळ फोड. तिने पाय झाकायचा प्रयत्न केला. पाण्यात कसला पाय झाकणार.

"किती दिवस?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"मग सांगायचं नाही का गं?"

"तू इतका खूश होतास. आणि वास येत होता, पण तूच तपासलेलं, मला वाटलं तो असाच राहत असेल."

"कसला वास?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने वाकून स्प्लिंट उचलला आणि माझ्या नाकाखाली धरला. डोळ्यांत चुरचुरलं. वास नव्हता. ती उठली, भिंत धरत धरत स्वयंपाकघरात गेली, लसणाची पाकळी ठेचून आणली. वास नव्हता. कांदा, व्हिनेगर, काडेपेटीची काडी ओढून विझवलेली. मी प्रत्येक वेळी डोळे मिटून खोल श्वास घेत होतो आणि आत नुसती हवा जात होती.

शेवटी ती कपाटातून एक लहानशी कुपी घेऊन आली आणि मनगटावर लावून हात पुढे केला.

"हे काय आहे?" मी म्हटलं.

"अत्तर. त्यांनी दिलेलं." 'त्यांनी' म्हणजे कोणी हे मला तेव्हा कळलं. इतकी वेंधळी माणसं जगात कमी असतील. "तू तापातून उठलास तेव्हापासून लावतेय. रोज तुझ्या खुर्चीमागे उभी राहत होते. म्हटलं, नाकराव पहिल्या दिवशीच ओळखतील आणि विचारतील, मग मी सांगेन. तू काही बोललाच नाहीस. मला वाटलं, तुला कळलंय आणि पसंत नाही."

"आणि?"

"मग मी त्यांना लग्नाला नाही म्हणून सांगितलं."

मी तिच्या पायाशी बसलो. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी मी तिच्या ठेवायचो तसा. तोवर चहा निवून गेला.

१८ ऑक्टोबर

डॉक्टर म्हणाले, तापाने नाकाच्या आतल्या नसा दुखावल्या आहेत. वास परत येईलही, नाहीही येणार. धाकटीला मलम दिलं आणि पाय काही दिवस उघडा ठेवायला सांगितलं.

मग ताईंना सांगितलं. त्या मिक्सरची पाती पुसत होत्या, पुसायच्या थांबल्या. "मला येत होता, साहेब. सगळ्या खात्याला येत होता. पण तुम्ही नाही म्हणालात, म्हटलं आपल्याच नाकाचा दोष." मी त्यांची माफी मागितली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि कपाटातून काचेची नळी काढून धुवायला नेली. उरलेल्या शीटचा तुकडा भिजत घातला.

१९ ऑक्टोबर

ताईंनी थेंब मोजायचं सोडून दिलं. नळी अर्धी रिकामी झाली तरी पाणी बिनरंगीच. ही मी पसंत केलेली शीट. सगळा घाणा फेकायला दिला.

तिथून तडक साचेवाल्यांकडे गेलो. धाकटीचा पाय खिडकीत नव्हता. फळीवर होता, बाकीच्या पायांमध्ये, पण मोजा तसाच होता. ते उठून उभे राहिले.

मी कधी कुणाचं लग्न जुळवलेलं नाही, त्यामुळे सुरुवात कशी करतात ते ठाऊक नव्हतं. म्हटलं, "माझं नाक गेलंय."

त्यांनी माझ्या नाकाकडे पाहिलं.

"म्हणजे वास येत नाही. शीट खराब होती, तुम्हालाही कळलं होतं, मला कळलं नाही. तिचा पाय भाजला त्यात. आणि तिच्या अत्तराबद्दल माझं काहीही मत नव्हतं, कारण ते अत्तर आहे हेच मला माहीत नव्हतं. मी नाराज नाही. मी नुसता ठार आंधळा आहे, नाकाने."

"पाय कसा आहे?" एवढंच त्यांनी विचारलं.

"भरतोय."

"मी येऊ का बघायला?"

"ते तिला विचारा," मी म्हटलं. "पण या."

ते दुकान बंद करायला लागले. कुलूप लावताना त्यांना किल्ली सापडेना, ती त्यांच्या हातातच होती. मी सांगितलं नाही, थोडी मजा मलाही हवी होती. मग लक्षात आलं तसे आत वळले आणि फळीवरचा पाय उचलून खिडकीत ठेवला.

२४ ऑक्टोबर

घरात पुन्हा गुणगुणणं सुरू झालंय. मी विचारलं, ते अत्तर असतं तरी कसं? धाकटीने खूप विचार केला. "धुऊन उन्हात वाळवलेल्या चादरीसारखं. आणि मागून जरासं संत्र्याची साल." साचेवाले म्हणाले, "मला तर ओल्या दगडासारखं वाटतं." दोघांचं त्यावर चांगलंच वाजलं. मी ऐकत बसलो होतो.

पहाटे स्वप्नात कुणीतरी मागून आलं आणि खुर्चीशी उभं राहिलं. चादर होती, संत्र्याची साल होती, ओला दगडही होता. मी मागे वळून म्हटलं, "नवीन काय लावलंयस गं?" आणि ती हसली. हे महिनाभर आधी जागेपणी म्हणायचं होतं.

२८ ऑक्टोबर

नवा घाणा. या वेळी कुणालाही घाई करू दिली नाही. पहिल्या खेपेला ताईंनी तुकड्याचा वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. दुसऱ्या खेपेलाही. तिसऱ्या खेपेला म्हणाल्या, नुसतं रबर. मी म्हटलं, आता भिजवा. त्या म्हणाल्या, भिजवणारच होते, तुमची वाट बघत नव्हते.

३० ऑक्टोबर

आज पाणी बघितलं. ताईंनी नळीची तोटी किंचित फिरवली. एक थेंब पडला आणि भांड्यात एक गुलाबी धागा सुटला, हलला, पसरला, आणि सगळं पाणी गुलाबी होऊन तसंच राहिलं. इतका फिका रंग की मागचा कागद दिसत होता. मी ते भांडं खिडकीशी नेऊन कितीतरी वेळ उजेडात धरून उभा होतो. ताई म्हणाल्या, "साहेब, पुन्हा गेलात का दिव्यांच्या गाडीत?" मी त्यांना ते स्वप्न कधी सांगितलं होतं ते आठवत नाही. मोठ्याने विचार करत असेन.

पट्टी वाकवून पाहिली. पांढरी रेघ नाही.

९ नोव्हेंबर

काल शाळेचा कार्यक्रम झाला. मागच्या रांगेत बसलो होतो, शेजारी साचेवाले, पलीकडे ताई. मंचावर खुर्ची ठेवली होती, कुणीतरी सवयीने. धाकटी नव्या स्प्लिंटवर आली, तिने खुर्ची एका हाताने बाजूला सारली आणि मुलांसमोर उभी राहिली. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. साचेवाले गाणं ऐकत नव्हते, ते तिच्या घोट्याकडे बघत होते. तिसऱ्या गाण्याला ती टाचेवर ताल धरायला लागली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं.

कार्यक्रमानंतर ती दोघं नदीकाठाने चालत निघाली. लवकरच तिचं सामान त्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत जाईल. मग सकाळी या टेबलाशी मी एकटाच असेन, आणि मोठ्याने विचार केला तर उत्तर द्यायला कुणी नसेल. मला त्याचं वाईट वाटतं, आणि तरी ती जातेय हे मला हवंय.

निघताना शाळेच्या फाटकापाशी धाकटी वळली आणि जुन्या सवयीने मनगट माझ्यापुढे केलं. मी वाकून वास घेतला. काही आलं नाही.

"छान आहे," मी म्हटलं.

"खोटं."

"हो. पण छान आहे."

ती हसली आणि गेली. दिव्याखालून, मग अंधारातून, मग पुढच्या दिव्याखालून, घोटा वाकत होता आणि सरळ होत होता. माझे डोळे भरून आले. रुमाल काढला, चष्मा पुसला, तरी थांबेना. तिच्या पायातल्या शीटची तपासणी ताईंनी केलेली, मी स्वतः पाहिलेली. पाणी पहिल्या थेंबाला गुलाबी झालं होतं, तेव्हा या खेपेला डोळ्यांना झोंबण्यासारखं तिथे काहीही नव्हतं.